एकच प्रत

नागपूरच्या महालात एक वाचनालय आहे असं समजा. समजा म्हणायचं कारण, ही गोष्ट आहे. तिच्यातल्या माणसांना नावं नाहीत आणि वाचनालयाच्या पाटीवर काय लिहिलंय तेही मी सांगणार नाही. महाल मात्र खरा आहे, गोष्टीत येणारे कायदे खरे आहेत, आणि त्या कायद्यांतले दिवस तर बोटांवर मोजून घ्यावेत इतके खरे.

वाचनालय ‘ब’ वर्गाचं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्ग बघून अनुदान मिळतं. ते येतं तेव्हा येतं. खाली वर्तमानपत्रांची खोली. तिथे कोणीही यावं, बसावं, पैसे नाहीत. वर अभ्यासिका, पोलीस भरती आणि एमपीएससीवाल्या मुलामुलींनी भरलेली. उन्हाळ्यात दोन कूलर, त्यातला एक नुसता आवाज करणारा. आणि सगळ्याला मिळून एक ग्रंथपाल मॅडम, ज्यांच्या पगाराचा आकडा ऐकून भरतीची पोरंही विषय बदलतात.

खालच्या खोलीत खिडकीजवळची खुर्ची काकाजींची. वय ब्याऐंशी-त्र्याऐंशी, नजर शाबूत, सकाळी साडेआठला हजर. सारी नोकरी कलेक्टर कचेरीत गेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं रेंट कंट्रोलरच्या टेबलाला. विदर्भात तेव्हा भाडेकरू काढायचा तर मालकाला आधी रेंट कंट्रोलरकडे अर्ज करावा लागे. ‘सी. पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर’ असा १९४९ चा लांबलचक नावाचा आदेश होता. त्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे कंट्रोलरची लेखी परवानगी मिळाल्याशिवाय मालकाला भाडेकरूला जागा सोडण्याची नोटीसच देता येत नसे. मुंबई-पुण्याकडचा कायदा निराळा. इकडे घर असो की दुकान, भांडणाचा पहिला जिना कलेक्टर कचेरीचा. काकाजींच्या हाताखालून असे कितीतरी अर्ज गेले. पेन्शनीत गेल्यावरही महालातली माणसं त्यांना विचारायला येत, आणि काकाजी सांगत.

ते निवृत्त झाले १९९९ साली. ३१ मार्च २००० ला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि त्याने १९४९ चा आदेश रद्द केला. परवानगीची अट गेली. नागपूरचे असे दावे सरळ लघुवाद न्यायालयात जाऊ लागले. काकाजींनी ही बातमी वाचली नसेल असं नाही, रोज चार पेपर वाचणारा माणूस. पण टेबल सुटलं की टेबलावरचे बदल कोणी घरी आणून देत नाही. माणसं विचारत राहिली, काकाजी जुनंच सांगत राहिले. आणि वाचनालयाच्या कायद्याच्या कपाटात त्या जुन्या आदेशावरचं एक जाडजूड पुस्तक होतंच. कोणी शंका काढली की काकाजी ते काढून तेरावं कलम समोर धरत. छापलेलं, शिक्का मारलेलं, सार्वजनिक ग्रंथालयातलं. आता काय बोलणार?

काकाजी राहत होते एका जुन्या वाड्यात भाड्याने. मागच्या दोन खोल्यांत शिलाईचं काम करणारी एक ताई, नवरा आणि मुलगी. वाड्याच्या पुढच्या भागात मालकीणबाई, निवृत्त शिक्षिका, एकट्या. ताईचा नवरा रंगकाम करायचा. शिडीवरून पडला, खुब्याचं हाड मोडलं, मेडिकलला ऑपरेशन झालं आणि पुढे कामावर जाणं संपलं. जुलै २०२३ पासून महिन्याचं दोन हजार भाडं थकलं. काकाजींचंही भाडं थकलं होतं, त्याहून जास्त. पण ते पैसे नसल्यामुळे नव्हे. मालकीणबाई भाड्याची पावती देत नाहीत आणि पावसात छत गळतं, तेव्हा भाडं देणार नाही, हा त्यांचा बाणा. पैसे त्यांनी पोस्टात वेगळे ठेवले होते.

मालकीणबाईंनी दोघांवर दावे लावले आणि २०२४ च्या एप्रिलात वाड्यात समन्स घेऊन बेलिफ आला. ताई घरी नव्हती. काकाजी होते. त्यांनी दारातच विचारलं, “रेंट कंट्रोलरची परवानगी कुठे आहे?” बेलिफ तरुण पोरगा. रेंट कंट्रोलर हे काय असतं, हेच त्याला माहीत नव्हतं. काकाजींना वाटलं, जिंकलो. त्यांनी समन्स घ्यायला नकार दिला आणि आत जाऊन पंखा लावला.

संध्याकाळी ताईला त्यांनी बजावलं, उद्या तो तुझ्याकडे येईल, कागदाला हात लावायचा नाही.

ताईची मुलगी अभ्यासिकेत बसायची. ती आईला दुसऱ्या दिवशी सकाळीच वाचनालयात घेऊन आली.

“मॅडम, कोर्टाचा माणूस येऊन राहिला. काकाजी म्हणतात का कागद घेतला का फसलो. मी घेऊ का नको?”

मॅडम म्हणाल्या, “घ्या की नको, ते मी सांगू शकत नाही ताई. पण नाही घेतला तर काय होतं, ते लिहिलेलं आहे. ते दाखवते.”

हे ऐकायला कोरडं वाटतं, आणि ताईलाही तसंच वाटलं. पण या कोरडेपणाला कारण आहे. वकिली करायचा हक्क आपल्याकडे १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने वकिलालाच दिलेला. अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालयांत कोर्टाची कामं घेऊन येणारे लोक इतके असतात, की ग्रंथपालांच्या शिक्षणातच हा धडा असतो: कायद्याची माहिती द्यायची, सल्ला द्यायचा नाही. आपल्या मॅडमना असलं काही कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी ते महालात राहून, काकाजींकडे बघून ठरवलं असावं, असा माझा तर्क.

त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेचं पुस्तक काढलं आणि मुलीला आदेश ५ मधला सतरावा नियम मोठ्याने वाचायला लावला. प्रतिवादीने समन्स घ्यायला नकार दिला तर बेलिफ त्याची प्रत घराच्या दारावर डकवतो, कोर्टाला तसा अहवाल देतो, आणि कोर्टाची खात्री पटली की समन्स बजावलं गेलं असं धरतात. मुलीने वाक्य दोनदा वाचलं. ताई शिवणाऱ्या बाईच्या सवयीने जमिनीकडे बघत ऐकत होती.

“म्हंजे घेतला नाही तरी दिवस सुरू,” ती म्हणाली. “आन् कागद मात्र आपल्यापाशी नाही.”

मॅडम काही बोलल्या नाहीत. दुपारी बेलिफ आला तेव्हा ताईने सही केली.

समन्स म्हणजे काय, हे समन्स हातात येईपर्यंत कळत नाही. ताईला वाटलं होतं, पोलिसासारखं काहीतरी असेल. निघालं ते असं: कोर्टाचं नाव, दाव्याचा क्रमांक, पेशीची तारीख, समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी जबाब द्या अशी ओळ, आणि मागे टाचलेली वादपत्राची प्रत. मालकीणबाईंचं म्हणणं काय, ते ताईने त्या प्रतीत पहिल्यांदा वाचलं. एकाच नळावर पाणी भरणाऱ्या दोघी जणी. म्हणणं पोचलं ते सिव्हिल लाइन्सच्या कोर्टावरून. त्यात एका नोटिशीचा उल्लेख होता, ऑक्टोबरात रजिस्टर पोस्टाने पाठवलेली. ती नोटीस घरीच होती, देवाच्या तसबिरीमागे, न फोडता. कोर्टाची पाकिटं देवामागे ठेवायची रीत आमच्याकडे बरीच जुनी आहे आणि देवाने आजवर एकही उघडलेलं नाही.

मग मॅडमनी दुसरं पुस्तक काढलं. पातळ, पिवळट कव्हरचं, शासकीय ग्रंथागारातून आणलेलं: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. एकच प्रत. संदर्भाची, म्हणून घरी नेता येत नाही, तिथेच बसून वाचायची. कलम १५ वर त्यांनी बोट ठेवलं. थकबाकीसाठी जागा खाली करून मागायची तर मालकाने आधी लेखी नोटीस द्यावी आणि नव्वद दिवस थांबावं. दावा झाला तरी समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी वर्षाला पंधरा टक्के सरळव्याजाने कोर्टात भरली, पुढचं भाडं नियमित भरत राहिला आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला घराबाहेर काढायचा हुकूमनामा करता येत नाही.

मुलगी वही घेऊन बसली. सरळव्याजाची गणितं स्पर्धा परीक्षेत ढिगाने येतात, आयुष्यात ती असं पहिल्यांदाच सोडवत होती. दोन हजारांवर महिन्याचं व्याज पंचवीस रुपये. भाडं दर एक तारखेला द्यायचं ठरलेलं. जून संपता भरलं तर जुलैचं भाडं बारा महिने थकलेलं, ऑगस्टचं अकरा, असं खाली येत जूनचं एक. बेरीज अठ्ठ्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर गुणिले पंचवीस, १,९५०. मूळ २४,०००. एकूण २५,९५० रुपये.

रक्कम लहान नव्हती. पण आदल्या रात्रीपर्यंत ती रक्कमच नव्हती, नुसतं ‘घर जाणार’ होतं. आता खाली तारीख आणि वर आकडा. मे-जूनमध्ये शाळेच्या गणवेशांचं काम येतं, आणि ताईची बीसी, म्हणजे भिशी, जूनमध्ये उचलता येणार होती.

“हे मले लागू होते ना, मॅडम?”

“ते वकील सांगतील.”

“वकिलाले पैसे कुठून देऊ?”

या प्रश्नाचं उत्तरही मॅडमनी स्वतःच्या तोंडाने दिलं नाही, काढून दाखवलं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७, कलम १२. मोफत वकील कोणाकोणाला मिळतो त्यांची यादी तिथे आहे: अनुसूचित जाती-जमातीची माणसं, मुलं, अपंग, कोठडीतले, कामगार, आणि स्त्रिया. स्त्रीला उत्पन्नाची अटसुद्धा नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस सिव्हिल लाइन्सला. जायच्या आधी विचारायचं तर फोन १५१००, पैसे पडत नाहीत. मॅडमनी हा आकडा चिठ्ठीवर लिहून दिला. सबंध प्रकरणात त्यांच्या हातचं लिखाण तेवढंच.

कायदा माहीत नव्हता ही सबब कोर्टात चालत नाही, हे शाळेत नागरिकशास्त्रातही शिकवतात. ठीक आहे. मग तो कायदा गरिबाने कुठे जाऊन वाचावा, याची जागा कोणीतरी दाखवायला हवी की नाही? संविधानात ३९-अ हा अनुच्छेद १९७६ साली आला, मोफत कायदेशीर मदत द्या म्हणून. मदत आहेही. पण ती आहे हे ज्याला कळायला हवं तो माणूस प्राधिकरणाच्या दारात आपण होऊन क्वचितच उभा राहतो. तो आधी शेजारच्या जाणकाराला विचारतो. महालात तो जाणकार वाचनालयातच बसतो, एवढाच काय तो योग.

ताई सिव्हिल लाइन्सला गेली तेव्हा ऑटोवाल्याने ‘कोर्ट’ ऐकून तिला हायकोर्टासमोर सोडलं. १९४० सालची ती घुमटाची दगडी इमारत बघून तिचा धीरच गेला; एवढ्या मोठ्या घरात आपलं दोन हजारांचं भांडण! विचारत विचारत ती जिल्हा न्यायालयात पोचली. तिथे अर्ज भरला, ओळखपत्राची झेरॉक्स दिली, आणि पॅनेलवरची एक वकील मिळाली. फुकटची वकील काय लढणार, असं वाड्यात सगळे म्हणाले. वकीलबाईंनी दोनदा फोन उचलला नाही, हेही खरं. पण लेखी जबाब मुदतीत गेला. आणि कलम १५ ताईला लागू होतं.

आता मालकीणबाई.

त्या वाचनालयाच्या जुन्या सभासद. दुपारी तीनला येऊन मासिकं चाळायच्या. मे महिन्यात एका दुपारी त्यांनी मॅडमना हळूच विचारलं, “भाड्याच्या कायद्याचं काही आहे का हो मराठीत? आमचे वकील नुसती तारीख सांगतात.” त्यांच्याकडे महापालिकेची मालमत्ता कराची नोटीस आलेली. दोन्ही भाडेकरूंचं भाडं बंद, आणि माहेरून मिळालेलं सोनं आधीच छताच्या डागडुजीत गेलेलं. गोष्टीत घरमालक म्हटला की दुष्ट लागतो. इथे तशी सोय नाही.

मॅडमनी तेच पातळ पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. ताई हेच पुस्तक वाचून गेली, हे सांगितलं नाही. ताईलाही, मालकीणबाई आल्या होत्या, हे कधी सांगितलं नाही. दोन्ही बाजूंची माणसं एकाच टेबलाशी येणार, दोघांनाही तीच पानं दाखवायची, आणि कोण काय वाचून गेलं ते पोटात ठेवायचं, हे काम दिसतं त्यापेक्षा जड आहे. मॅडमना ताईची बाजू घ्यावीशी वाटली नसेल का? वाटली असणारच. मुलगी रोज समोर बसणारी.

मालकीणबाईंनी मास्तरणीसारखं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. कलम ११ मध्ये त्यांना सापडलं की भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करता येते. त्यांनी कित्येक वर्षांत एक रुपया वाढवला नव्हता. त्या खूश झाल्या. कलम १४ मध्ये सापडलं की जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकाचं काम आहे, आणि नोटीस देऊनही त्याने केलं नाही तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत. त्या कमी खूश झाल्या. कलम २६ आलं: भाडं घेतलं की लेखी पावती द्यायची, नाहीतर रोजचा शंभर रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यांनी चष्मा काढून पुसला.

आणि एक दिवस व्हायचं तेच झालं. ताई पुस्तक मागायला आली तेव्हा ते मालकीणबाईंच्या हातात होतं.

“दुसरी प्रत नाही?” ताईने विचारलं.

“एकच आहे. थांबावं लागेल.”

ताई समोरच्या खुर्चीवर बसली. मालकीणबाईंनी पान उलटलं. मग ताई म्हणाली, आईसाब, नोटीस कायले पाठवली, आवाज दिला असता तर. त्या म्हणाल्या, सहा वेळा दिला, दर वेळी पोरीला पुढे केलंस. भांडण सुरू झालं. पण भिंतीवर ‘शांतता राखा’ची पाटी, आजूबाजूला पोलीस भरतीची पोरं, त्यामुळे दोघींना ते कुजबुजत भांडावं लागलं, आणि कुजबुजत भांडण फार वेळ टिकत नाही; दम लागतो. पावणेचारच्या सुमारास मालकीणबाईंनी पुस्तक उघडंच ताईकडे सरकवलं, कलम १५ वर बोट ठेवून. “हे भरणार आहेस का?”

“जून संपता भरते. पावती द्याल?”

“कोर्टात भरलंस की कोर्टच देईल. पुढची मी देईन.”

ताईने जूनच्या शेवटच्या आठवड्यात कोर्टात २५,९५० रुपये भरले, पुढे दर महिन्याचे भरत राहिली. कोर्टाने सांगितलेला खर्चही नंतर दिला. दावा लगेच संपला नाही, दावे असे संपत नाहीत. पण घर राहिलं आणि मालकीणबाईंचा कर भरला गेला. ऑगस्टातल्या पावसाआधी मागच्या खोल्यांवर टिनाचे पत्रे नवे बसले. ताईच्या पोरीने मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप घेतलं होतं. सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची पेशी दिसते. त्यामुळे नुसती तारीख विचारायला सिव्हिल लाइन्सला जाणं वाचलं, आणि त्या दिवसाची मजुरीही.

पेशीला मात्र ताई जायची. तिथे ती शिपायाचा पुकारा ऐकत बसायची. एकदा तिच्या दाव्याआधी काकाजींचं नाव पुकारलं गेलं. तीनदा. कोणी उठलं नाही. तिने घरी येऊन सांगितलं, “काकाजी, तुमचं नाव घेऊन राहिले होते.”

“घेऊ दे,” काकाजी म्हणाले. “परवानगीशिवाय केस उभीच राहत नाही.”

त्यांच्या दारावर डकवलेली प्रत त्यांनी एप्रिलातच काढून फेकली होती.

थंडी पडल्यावर, एका संध्याकाळी, ताईच्या पोरीने ॲपवर काकाजींच्या नावाने शोधलं. एकतर्फी हुकूमनामा झालेला. जागा खाली करून द्यावी. तिने निकालाचं पान त्यांना मोबाइलवर दाखवलं. काकाजींनी ते लांब धरून वाचलं, जवळ धरून वाचलं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला ते वाचनालयात आले, पेपर न उचलता सरळ कपाटाकडे गेले, १९४९ च्या आदेशावरचं ते जाड पुस्तक काढून मॅडमच्या टेबलावर ठेवलं. “हे काय आहे? तुमच्याच कपाटातलं आहे ना? कलम तेरा आहे ना यात?”

मॅडमनी पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर वाचनालयाचा गोल शिक्का. शेवटच्या पानावर देवघेवीची चिठ्ठी. शेवटच्या सात-आठ नोंदी एकाच सभासद क्रमांकाच्या. पण पुस्तकात कुठेही, कोणत्याही पानावर, हा आदेश आता लागू नाही असं लिहिलेलं नव्हतं. चोवीस वर्षं ते पुस्तक कपाटात चालू कायद्याशेजारी उभं होतं. त्यांना काकाजींना खूप काही म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या, “हे लिहून ठेवायला हवं होतं. आमचं काम होतं ते.”

मग त्यांनी पातळ पुस्तक काढलं आणि कलम ५८ दाखवलं, जिथे जुना आदेश रद्द केल्याचं लिहिलंय. काकाजींनी ते उभ्याउभ्या वाचलं. नंतर बसले आणि कलम १४ वाचलं. छत. कलम २६ वाचलं. पावती. त्यांच्या बाजूने बोलणारी दोन कलमं त्या ऐंशी-नव्वद रुपयांच्या पुस्तकात होती. गळक्या छताची तक्रार खरी होती, पावतीचीही खरी होती, आणि कोर्टात ती एकदाही कोणी मांडली नव्हती. पोस्टातले पैसे तसेच पोस्टात. कलम १५ मधले नव्वद दिवस केव्हाच उलटलेले.

“आता काय करता येतं?” त्यांनी विचारलं. या खोलीत त्यांनी विचारलेला हा बहुधा पहिलाच प्रश्न.

मॅडमनी दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ९, नियम १३ काढून दिला: एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागता येतो, समन्स नीट बजावलं गेलं नव्हतं किंवा पुरेशा कारणामुळे हजर राहता आलं नाही, हे कोर्टाला पटवून. मग मुदतीचा कायदा, १९६३ चा: तीस दिवस. “हुकूमनाम्याची तारीख बघा आणि तुम्हीच मोजा,” त्या म्हणाल्या.

काकाजींनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीने मोजलं. त्या दिवशी सव्विसावा दिवस होता. ते तसेच ऑटो करून सिव्हिल लाइन्सला गेले. एकोणतिसाव्या दिवशी अर्ज दाखल झाला. त्यात आपण समन्स स्वतःच नाकारलं हे त्यांना लिहावं लागलं. वकिलाने गोलमोल लिहिलं होतं, ते त्यांनी खोडायला लावलं. अर्ज अजून चालू आहे. कोर्ट काय म्हणेल, सांगता येत नाही. मालकीणबाईंच्या वकिलाने हरकत घेतली आहे. मालकीणबाई स्वतः मधूनमधून त्यांना चहा पाठवतात. दोन्ही गोष्टी वाड्यात एकाच वेळी चालू शकतात.

वाचनालयाच्या कार्यकारिणीत विषय निघाला. एक जण म्हणाले, जुनी पुस्तकं काढा आणि रद्दीत द्या. काकाजी निमंत्रण नसताना बैठकीला आले होते. ते म्हणाले, रद्दीत नाही चालणार. नवा कायदा आला तेव्हा जे खटले चालू होते ते जुन्याच आदेशाखाली पुढे चालले, अशा वाड्यांचे कागद आजही निघतात, तेव्हा हे पुस्तक लागतं. आणि आता तर सगळं कपाटच बदललंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रियेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता, १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या जागी साक्ष्य अधिनियम. पण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला कलम जुनंच लागतं. दोन्ही पुस्तकं ठेवावी लागतील. फक्त कोणतं कधीपर्यंतचं, ते पहिल्या पानावर पाहिजे.

चिठ्ठ्या डकवायचं काम मग त्यांच्याकडेच आलं. लाल शाईने, कचेरीतल्या अक्षरात: हा आदेश ३१ मार्च २००० पासून रद्द. खाली कोणत्या कायद्याने, कोणत्या कलमाने, आणि चिठ्ठी लावल्याची तारीख. एखाद्या पुस्तकाचं नक्की ठाऊक नसेल तर ते बाजूला ठेवून ते मॅडमना विचारतात. मॅडमना ठाऊक नसेल तर पोरं मोबाइलवर ‘इंडिया कोड’ उघडतात. फेब्रुवारीपर्यंत दोन खण झाले होते. काकाजींचा वेग कचेरीचाच आहे.

परवा खालच्या खोलीत एका पोराने सवयीने विचारलं, “काकाजी, फसवणुकीले चारशेवीसच लागते ना?”

“३० जून २०२४ पर्यंतची असेल तर चारशेवीस,” काकाजी पेपरमधून मान वर न करता म्हणाले. “नंतरची असेल तर ३१८. कधीची आहे?”

पोरगा म्हणाला, माहीत नाही, बाबांना विचारावं लागेल.

“मग जा, विचारून ये. आन् येताना कागद घेऊन ये.”